आईच्या मशीनचे झिजलेले दाते

माझी सगळी नोकरी मोजण्यात गेली. पिंपरीच्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये तपासनीस होतो. चार माणसांनी घाम गाळून केलेला भाग माझ्या टेबलावर यायचा आणि मी त्यातली खोट काढायची, असं ते काम. केसभर फरक असला तरी भाग परत पाठवायचो, त्यामुळे माझ्यावर कुणाचं फारसं प्रेम नव्हतं. निरोप समारंभात मला शाल, नारळ आणि एक मायक्रोमीटर मिळाला. नारळाची बर्फी झाली आणि शाल कपाटात गेली. मायक्रोमीटर मात्र हाताशी राहिला आणि घरात कुकरच्या रिंगपासून पोळीच्या जाडीपर्यंत काहीही मोजलं जाऊ लागलं. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," असं बायको म्हणते. तिला घाई नाही, एवढंच समाधान.

आईचं शिवणाचं मशीन आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मागच्या बाल्कनीत होतं. पायाने चालवायचं, ओतीव लोखंडाच्या पायांचं, काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढलेलं. वडिलांनी ते घेतलं तेव्हाच जुनं होतं. आम्ही तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी एका कॉलनीत दोन खोल्यांत राहायचो आणि आई कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, पोरींची पोलकी शिवायची. दुपारी शाळेतून आलो की मी मशीनशेजारी फरशीवर पालथा पडून गृहपाठ करायचो. मशीन चाललं की फरशी पोटाखाली बारीक थरथरायची. चाकाला पायाशी जोडणाऱ्या दांड्याचं एक बुश, म्हणजे आतली पितळी कडी, झिजलेलं होतं, त्यामुळे दर फेऱ्याला एक 'खट' यायचा. लांबलचक खट-खट-खट चालू असली की परकराचा घेर, मधूनमधून थांबली की गळा किंवा बाही, हे मला मान वर न करता कळायचं. त्या आवाजात मला पाढेही पाठ झाले आणि झोपही लागली. इतकी गाढ झोप पुढे कधी लागली नाही, हे मी अगदी खरं सांगतो.

मान वर केलीच तर आईचे हात दिसायचे. उजवा हात कापड पुढे सरकवायचा आणि डावा पंजा सपाट टेकलेला, करंगळी किंचित उचललेली. तो डावा हात तसा का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आईचा हात तसा असतो, एवढंच.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचं शिवण मागे पडलं. मशीन जड चालायला लागलं होतं, एक दिवस चामड्याचा पट्टाही तुटला. तिने त्यावर जुनी चादर टाकली. चादरीवर रद्दी आली, रद्दीवर गणपतीच्या मखराचं खोकं आलं. असं करत मशीनचं हळूहळू टेबल झालं आणि कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं.

मग माझ्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आमच्याकडे येणार होती. बातमी कळल्यावर आईने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "मशीनवरचं ते तुझं दुकान उचल. कुंची मी शिवणार."

आमच्या घरात बारशाला बाळ जी कुंची घालतं, ती विकत आणत नाहीत. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने ती शिवायची, अशी रीत आहे. माझी माझ्या आजीने शिवली होती. बहिणीच्या मुलांची आणि माझ्या मुलीची आईने. आणि दुसरी रीत अशी की बाळ जन्माला येईपर्यंत त्याच्या कपड्यासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. म्हणजे जन्म आणि बारसं यांच्यामध्ये जे बारा दिवस मिळतील, त्यातच काय ते उरकायचं. आईने खण मात्र आणून ठेवला होता, हिरवा, लाल काठांचा. कापड आणलेलं चालतं, शिवलेलं चालत नाही. या कायद्यातल्या पळवाटा तिला तोंडपाठ होत्या.

जावई वऱ्हाडातला, हिंजवडीला आयटीत आहे. मनाने मोठा उदार. तो म्हणाला, "बाबा, आजीले मोटरवालं नवं मशीनच घेऊन देतो न. उद्या घरी येते."

आई म्हणाली, "त्याला म्हणावं, मोटरीला पाय नसतात. कुठे थांबायचं हे माझ्या पायांना कळतं."

तेव्हा मी कामाला लागलो. इतक्या वर्षांनी हातात पाना आला आणि मला कारखान्यातल्यापेक्षा जास्त आनंद झाला. बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून मी मशीनचा पुरजा न् पुरजा सुटा केला. आतून काय काय निघालं! कुणाकुणाच्या ब्लाउजचे धागे, एक हुक, वाळलेल्या तेलाचा गोळा आणि माझी पेन्सिल. माझीच होती, टोकाशी चावलेली. ती हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो, शेवटी बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हिची पण जाडी मोजताय का?"

झिजलेले भाग मोजून मी एका बाजूला ठेवले. दांड्याचं बुश अंड्याच्या आकाराचं झालं होतं. कसबा पेठेत एक लेथवाला आहे, त्याच्याकडून नवं पितळी बुश करून घेतलं. त्याला मी तीनदा माप सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागलो तेव्हा त्याने लेथ बंद केला आणि म्हणाला, "काका, तुम्हीच करता का? मी चहा पिऊन येतो." बुश त्याने चोख केलं, हे मात्र मोजून सांगतो.

दाते मिळायला वेळ लागला. सुईच्या खाली, पत्र्याच्या फटींतून वर येणाऱ्या बारीक दात्यांच्या दोन ओळी असतात. त्या खालीवर होत कापड मागे सरकवतात. आईच्या मशीनची डावी ओळ बरी होती. उजवी पार गुळगुळीत झाली होती. कारण उघड होतं. आयुष्यभर कडा दुमडून शिवल्या. कडेची टीप घालताना कापड सगळं डावीकडे असतं, उजवी ओळ कापड दाबून धरणाऱ्या वरच्या लोखंडी पट्टीवर नुसतीच घासत राहते. एकीकडचे दाते धरतात आणि दुसरीकडचे घसरतात, हे माझ्या दृष्टीने पाप होतं.

बुधवार पेठेतल्या बोळात एक सुट्या भागांचं दुकान आहे. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी माझ्या तळहातावरचा तुकडा चष्मा वर करून पाहिला.

"हे कुठून उकरून काढलंत?"

"आईचं मशीन आहे. मिळेल का?"

"मिळेल."

मी थांबलो. ते पेपर वाचायला लागले.

"मिळेल म्हणालात ना?"

"मिळेल म्हणालो. आज मिळेल असं म्हणालो का?"

तीन-चार खेटे घातल्यावर दाते मिळाले. नवेकोरे, दोन्ही ओळी टोकदार. मी ते बसवले, चामड्याचा नवा पट्टा चढवला, सगळीकडे तेल घातलं. मग दोरा न ओवता, रेघांचा कागद सुईखाली घातला आणि मशीन चालवलं. सुईची भोकं रेघेवरून एका ओळीत गेली. मी कागद उजेडाकडे धरून पाहिला, पट्टी लावून पाहिला. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. माझ्या नोकरीत मी इतक्या समाधानाने फार कमी भागांवर शिक्का मारला असेल.

एकच गोष्ट खटकली. नव्या बुशमुळे तो 'खट' गेला होता. मशीन नुसतं सुळसुळत होतं. मला उगाचच चुकल्यासारखं झालं. पण आवाजासाठी झिजलेलं बुश परत कोण बसवतो? सगळे जुने भाग मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला. टाकून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. माळाच एक दिवस खाली येईल, असं बायको म्हणते.

आईने येऊन चाकावरून हात फिरवला. बसून बघ म्हटलं तर बसली नाही. "आधी बाळ येऊ दे. मग बसते."

मुलगी झाली. दवाखान्यातून लेक आणि नात घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून बाल्कनीत आली. चाकाला हळदकुंकू लावलं, सुईत दोरा तिनेच ओवला, तोही पहिल्या झटक्यात, आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जा आता, कामं करा. आम्ही गेलो नाही. तिने खणाला हात न लावता आधी मलमलीच्या अस्तराची टीप घातली.

टीप वाकडी गेली. सरळ निघून हळूहळू डावीकडे.

तिने ती उसवली. पुन्हा घातली. पुन्हा तशीच. तिसऱ्यांदा ती अगदी सावकाश, श्वास धरून शिवत होती आणि मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. तिसरी टीपही डावीकडेच गेली.

तिने उसवलेलं अस्तर मशीनवर ठेवलं, खणाची घडी घातली आणि उठली. "तुळशीबागेतून एक आणा बाई," ती माझ्या बायकोला म्हणाली. "हल्ली फार छान मिळतात म्हणे."

मी म्हटलं, "आई, मशीनमध्ये काहीतरी राहिलं असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणू नये माणसाने. मशीन तू केलंयस ना? मग ते नीटच असणार. माझा हात गेला."

ती रडली नाही, चिडलीही नाही. त्या दोन्ही गोष्टी मला चालल्या असत्या. पण त्या दिवसापासून आईने एकेक काम सोडून द्यायला सुरुवात केली. लसूण सोलायचा बंद केला. नातीला मांडीवर द्यायला गेलो तर म्हणाली, "नको, माझ्या हातांचा आता भरवसा नाही." आणि एका संध्याकाळी बाथरूमकडे जाताना तिने माझ्यापुढे हात केला, धर म्हणून. आयुष्यात तिने माझा आधार मागितला नव्हता. तो हात हातात घेतला तेव्हा मला खरोखर भीती वाटली. कुंची राहिली बाजूला, आई स्वतःलाच भंगारात काढत होती आणि बारसं चार दिवसांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालताना ते अस्तर माझ्या हाती आलं. चुरगळलेलं म्हणून झटकलं आणि उजेडाकडे धरलं. सवय, दुसरं काय! मलमलीत सुईची भोकं राहिली होती. तीन टिपांच्या तीन वाटा. तिन्ही एकाच जागेवरून वळलेल्या, तितक्याच वळलेल्या, जवळजवळ एकीवर एक पडलेल्या.

आमच्या कामात पहिल्या वर्षी जे शिकतात, ते एवढंच असतं. ज्याचा हात कापतो, त्याची चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. तीन भाग केले तर तिन्ही वेगवेगळे बिघडतात. पण चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला आणि एकाच मापाने होत असेल तर ती हाताची नसते, जुळणीची असते. थकलेला हात तीनदा अशी एकसारखी टीप घालूच शकत नाही. मला तरी कुठे जमली असती?

मग जुळणीत काय चुकलं? मी खुर्चीवर बसलो, कापड घेतलं आणि आई धरायची तसे हात ठेवून पाहिले. उजवा पुढे, डावा पंजा सपाट, करंगळी उचललेली. तसा हात ठेवल्यावर डावीकडचं कापड किंचित अडतं. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. जुने उजवे दाते घसरायचे, डावे धरायचे, त्यामुळे टीप उजवीकडे पळायची. आईचा डावा हात इतकी वर्षं तिला अडवून रेघेवर आणत होता. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि आपण असं करतो हे तिला माहीतही नव्हतं. दाते दर वर्षी थोडे झिजले, तसा हातही थोडा थोडा शिकला. मी दाते नवे केले. हात नवा करायचा कुठून?

दुपारी आई झोपल्यावर मी शिडी लावली आणि श्रीखंडाचा डबा खाली काढला. बायकोला एकटीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नीट केलेलं मशीन तुम्ही आता बिघडवणार?" मी हो म्हटलं. नवे दाते काढून गुळगुळीत झालेले जुने बसवले. कागद घालून चालवलं. भोकं सरळ निघून उजवीकडे भरकटली. माझ्या टेबलावर असा भाग आला असता तर मी तो करणाऱ्याला बोलावून चारचौघांत बोललो असतो.

चहाच्या वेळी मी आईला सहज म्हटलं, "मशीनला एका ठिकाणी तेल घालायचं राहिलं होतं. आता घातलंय. बघतेस का?"

"कारखान्यात पण असंच करायचास?" ती म्हणाली. "आणि पगार देत होते तुला?"

मी ऐकून घेतलं. ताकास तूर लागू दिली नाही.

ती नाइलाजानेच बसली. लेक बाळाला घेऊन दारात उभी होती. आईने चाकाला हात दिला, पाय हलले, पट्टा फिरला. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. डावा पंजा आपोआप टेकला, करंगळी उचलली गेली. टीप निघाली ती थेट कडेपर्यंत, रेघेसारखी. आईने दोरा तोडला. अस्तर डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. नखाने टिपेवरून टोकापर्यंत रेघ ओढून पाहिली. मग बाळाकडे पाहून म्हणाली, "तरी मी सांगत होते तुझ्या आजोबाला, मशीनमध्येच काहीतरी असणार."

कुणी हसलं नाही. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला, तेवढंच.

"खण आणा," आई म्हणाली. "आणि बाल्कनीतून हला, उजेड अडतोय."

बारशाला नातीने हिरव्या खणाची, लाल काठांची कुंची घातली. अकोल्याहून आलेल्या विहीणबाई कुंची उलटी करून आतली टीप पाहत होत्या आणि "काय सफाई आहे हो हाताले!" म्हणत होत्या. आईने मान डोलावली. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती बाथरूमकडे निघाली. मी सवयीने हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. "मला काय झालंय?" असं म्हणून तशीच पुढे गेली. मला कुणी हात झिडकारल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

त्यानंतर ती शिवत राहिली. नातीची झबली, दुपटी, उशांचे अभ्रे, मागितलेल्या आणि न मागितलेल्या पिशव्या. आमच्या सोसायटीत प्रत्येकाच्या घरी आईने शिवलेली एक तरी पिशवी आहे. दात्यांचं मी तिला कधीच सांगितलं नाही.

आई गेल्याला आता वर्ष होत आलंय. मधल्या काळात मशीन नुसतं उभं होतं, पण त्याच्यावर रद्दी कुणी ठेवली नाही.

गेल्या महिन्यात लेकीने दुसरी बातमी दिली. आनंदाचं बोलणं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, कुंची?" मी म्हटलं, बघू. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बघायला आता माझ्या वर कुणी नाही. घरातलं सगळ्यात मोठं माणूस मीच.

बायको म्हणाली, "रीत म्हणजे रीत. मला टाका येत नाही आणि मी तुमच्याहून लहान आहे. देवाची कृपा."

तेव्हापासून रोज दुपारी मी मशीनवर बसतो. बाळाचा कपडा नाही, दोराही नाही, नुसता रेघांचा कागद. त्याला कायद्याची हरकत नसावी. पहिल्या दिवशी भोकं उजवीकडे पळाली, दुसऱ्या दिवशीही. नवे दाते श्रीखंडाच्या डब्यात आहेत. बसवायला फार वेळ लागत नाही, आणि बसवले की माझी टीप पहिल्या दिवसापासून सरळ येईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी डबा काढला नाही. मला सरळ टीप नको आहे, मला तिची टीप हवी आहे.

काल दुपारी मी कागद घातला आणि कुठल्यातरी जुन्याच गोष्टीचा विचार करत पाय हलवत राहिलो. कागद संपला तेव्हा भानावर आलो आणि खाली पाहिलं. माझा डावा पंजा सपाट टेकलेला होता. करंगळी किंचित वर होती. कागद उजेडाकडे धरला तर भोकं रेघेवरून शेवटपर्यंत गेलेली. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

बायको दारात येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "मायक्रोमीटर आणून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "आईला चाललं असतं एवढं."